डीच्या पोटातली रेघ

विद्यापीठ वसतिगृह, खोली ३१२
२ सप्टेंबर १९७९

ती. स्व. व्हर्नाआत्यास,
लाईलचा शि. सा. न. वि. वि.

मी इथे खुशाल आहे. जेवतो, झोपतो, मोजेही धुतले (एकदा). तू भाजून पाठवलेली गोड कोलाची पोचली. खसखशीचं सारण भरलेली सगळी माझ्या खोलीतल्या ड्युएनने फस्त केली, आलुबुखाराची मी. तेव्हापासून तो रोज विचारतो की तुझ्या आत्याचं लग्न झालंय का. नाही म्हणून सांगितलंय. वय सांगितलेलं नाही.

आता त्या ‘वि. वि.’कडे येतो, म्हणजे विनंती, आणि तीही विशेष. बाबा ज्या बंधुमंडळात होते ना, त्यांच्या घरी मी गेलो होतो. दारावर तीन ग्रीक अक्षरं आहेत. मधलं मोडक्या खुर्चीसारखं दिसतं, बाकीची मला विचारू नकोस. चाळीस पोरं एका छपराखाली राहतात, एकमेकांना भाऊ म्हणतात आणि एकमेकांचे शर्ट घालतात. मला फार आवडलं. पण खरं सांगायचं तर मला आवडला तो जिना. जिन्याच्या भिंतीवर वर्षावर्षांचे फोटो आहेत, त्यात १९५१च्या चौकटीत बाबा. अठरा वर्षांचे, आणि असे खदखदून हसताहेत की मी आधी ओळखलंच नाही. आपल्याकडे ते असे कधी हसले होते का गं? मी तिथे पाच मिनिटं उभा होतो. जाणारे-येणारे मला ढकलून जात होते.

फोटोखाली मात्र डेल नाही, ‘बेल क्रॅटकी’ लिहिलंय. ट्रिप म्हणून तिथला अध्यक्ष आहे, तो म्हणाला की शेतावरचा गडी होता, गवताच्या गठ्ठ्यासारखा, म्हणजे इंग्रजीतल्या ‘बेल’सारखा रुंद, म्हणून ते नाव पडलं असेल. बाबांना टोपणनाव होतं हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

अडचण अशी. विद्यापीठाने मला घेतलं, कारण शाळा पास झालेल्या कोणालाही ते नाही म्हणू शकत नाहीत, कायदाच तसा आहे. मंडळाला असा कायदा नाही. त्यांना शाळेची सरासरी चारपैकी अडीच लागते. माझी दोन पॉइंट एक आहे, हे तुला माहीत आहे, कारण शाळेच्या ऑफिसात बसून ती तूच लिहिलीस.

मी हिशेब केला. (होय, मीच केला.) माझ्या वीस मार्कांत चार डी आहेत. त्या चारांचे बी झाले तर बरोबर अडीच होतात. आत्या, डी आणि बी यांत फरक केवढा? पोटात एक आडवी रेघ! पट्टा आवळायचा, बस. कार्ड तुझ्याच कपाटात, शाई तुझीच, शिक्का तुझाच. तुला चहा ढवळायला याहून जास्त कष्ट पडतात.

कळावे. लोभ आहेच. तो यंदा थोडा शाईच्या रूपाने दिसावा.

तुझा,
लाईल


प्लम क्रॉसिंग
७ सप्टेंबर १९७९

चि. लाईल यास,
व्हर्नाआत्याचे अनेक आशीर्वाद, आणि एक थोबाडीत, ती उधार.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि आधी तुझ्या मार्कांचं कार्ड काढलं. जसं आहे तसं उतरवलं, चारही डींसकट. शिक्का मारला, पाकीट बंद केलं आणि पोस्टात टाकून मगच हे लिहायला बसले. उलट क्रमाने केलं असतं तर माझा भरवसा नव्हता.

आता तू म्हणशील की आत्याला काळीज नाही. कार्डासोबत एक हळवं पत्र जोडता आलं असतं, की बिचाऱ्याचे वडील तीन वर्षांपूर्वी वारले, त्या धक्क्याने मार्क घसरले. लिहायला घेतलंही होतं. पण भूमितीतला डी त्याच्या आदल्या वर्षीचा आहे बाळा, तेव्हा डेल ठणठणीत होता आणि तू खळ्यामागे मोटरसायकल उघडून बसायचास. मेलेल्या माणसावर इतकं ओझं घालू नये.

तुझी आई गेली तेव्हापासून डेल आणि मी, आणि पुढे मी एकटीने, तुला ताटात वाढलं आणि तू आपोआप वाढलास. कधी खोटं बोलले नाही असं म्हणत नाही. एक बोलले आहे. ते आज सांगते, कारण तू त्याच्यासमोर पाच मिनिटं उभा राहून आलास.

बेल हे टोपणनाव नाही. ती माझी चूक आहे.

१९५१ साली मी एकोणीस वर्षांची होते, याच ऑफिसात नवी लागले होते. डेल माझ्याहून वर्षाने धाकटा. त्यालाही तेच मंडळ हवं होतं आणि त्याचेही डी होते, तीन. बीजगणित, रसायन, इंग्रजी. तो माझ्या टेबलापाशी आला आणि तुझ्यासारखंच म्हणाला की एक रेघ गं ताई. आपल्या घराण्यात अक्कल नाही पण युक्ती पिढीजात आहे. मुख्याध्यापक जेवायला गेले होते. माझा डोळा दाराकडे. कागदावर जिथे जिथे डी दिसला तिथे तिथे रेघ ओढत गेले. तीन मार्कांचे, आणि चौथा सगळ्यात वर, त्याच्या नावाचा. डेलचा बेल झाला. मला कळलं तेव्हा तो कागद मंडळात पोचला होता.

मंडळाच्या दारात त्याचं स्वागत झालं ते “या, बेल!” म्हणून. नाव चुकलं म्हणावं तर ते कार्ड पुन्हा बाहेर काढणार. तेव्हा वर्षभर त्या नावाला ओ देत राहिला. पुढचं आणखी मजेशीर. रसायनात बी आहे म्हणून त्याला अभ्यासप्रमुख केलं! मागे पडलेल्यांना शिकवायचं काम. आंधळ्याने वाट दाखवायची आणि बाकीच्यांनी खड्ड्यात पडायचं. मंडळ मार्कांत सगळ्या मंडळांमध्ये चौथ्या नंबरावर होतं, ते वसंतात शेवटचं आलं. मे महिन्यात डेल सामान घेऊन घरी परतला. म्हणाला, शेताला माणूस कमी पडतोय. शेताला काही कमी पडत नव्हतं. पुढे दरवर्षी जुन्या सभासदांच्या मेळाव्याचं बोलावणं यायचं, वर ‘श्री. बेल क्रॅटकी’. तो न फोडता चुलीत टाकायचा.

मला मात्र कधी एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर फार बरं झालं असतं. मीही त्याच्यापाशी विषय काढला नाही, आणि मग तो गेलाच.

तू चिडशील. चिड. पण तुझ्या पोटात रेघ मी ओढणार नाही.

जेवत जा. लोभ कमी करायचा तर थोडा थोडा कर, एकदम नको.

तुझी,
व्हर्नाआत्या


खोली ३१२
१२ सप्टेंबर १९७९

व्हर्नाआत्यास,
सा. न. वगैरे.

पत्र मिळालं. कार्डही मंडळात पोचलं. ट्रिप मला वाटेत भेटला आणि हवापाण्यावर बोलला, यावरून समजलो.

माझ्यापाशी बाबांचा हसतानाचा एकच फोटो होता आणि तोही माझ्या खिशात नव्हता, दुसऱ्यांच्या भिंतीवर होता. आता तो बघितला की वाटतं, घाबरलेला माणूस हसतोय. हे तू मला सांगितलं नसतंस तर काय बिघडलं असतं? अठ्ठावीस वर्षं दाबून ठेवलंस, आणखी चार ठेवायचंस.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला येणार नाही. कोलाची पाठवू नकोस. ड्युएनला पाठवायची तर पाठव.

लाईल


प्लम क्रॉसिंग
२१ सप्टेंबर १९७९

चि. ड्युएन यास (हे पत्र लाईलला वाचू दिलंस तरी चालेल),

खसखशीची दोन डझन पाठवते आहे. आलुबुखाराचीही एक डझन चुकून पडली आहेत. माझ्या हातून चुका होतात, हे तुझ्या सोबत्याला माहीत आहे. माझं वय सत्तेचाळीस.

व्हर्ना क्रॅटकी


खोली ३१२
९ ऑक्टोबर १९७९

ती. स्व. व्हर्नाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

‘शिरसाष्टांग’ पुन्हा लिहिलंय हे लक्षात घे, पण फुगू नकोस. ड्युएन वय ऐकून तीन दिवस उदास होता.

ट्रिपने मला मंडळात बोलावलं. माझं कार्ड त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. रसायनाच्या डीला टाळ्या पडल्या. मग म्हणाला की तू बेलचा मुलगा, म्हणजे घरचाच. मुख्य कचेरीच्या अर्जावर आपण अडीच लिहू, तिथे कोण तपासतं? पोरं मनाची भली आहेत गं, खोटं बोलायला मागेपुढे पाहत नाहीत. पेन माझ्या हातात दिलं.

आत्या, मी लिहिणार होतो. दोनचा आकडा काढलासुद्धा. तेवढ्यात डोळ्यांपुढे आलं की उद्या मला भूमितीचा अभ्यासप्रमुख करतील. आणि बाबा त्या जेवणाच्या टेबलाशी बेल म्हणून बसलेले दिसले, कोणी हाक मारली की क्षणभर उशिरा वळणारे. मी पुढे ‘पॉइंट एक’ लिहिलं आणि त्यांना सगळं सांगितलं, तुझ्या दाराकडे लागलेल्या डोळ्यासकट.

एवढं हसले की एक जण सोफ्यावरून खाली पडला. मग फोटोखालच्या नावावर ट्रिपने कागद चिकटवून ‘डेल’ लिहिलं. स्पेलिंग मी दोनदा तपासलं.

आणि मग, अडीच नसतानाही, मतदान. सिगारच्या पेटीत प्रत्येक जण एक गोटी टाकतो. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही, आणि एक काळी आली तरी माणूस बाहेर. अडतीस पांढऱ्या निघाल्या आणि एक काळी.

गोटी कोणाची ते सांगायचं नसतं, पण ऑटिस म्हणून एक चौथ्या वर्षाचा आहे, तो माझ्यामागे फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, माझी होती. मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. त्याने ते ऐकून घेतलं. म्हणाला, तुझ्या बापाला इथे वर्षभर कोणी विचारलं नाही की बाबा रे, तुला हे येतंय का? सगळ्यांनी त्याला जीव लावला आणि बुडू दिलं. तुलाही हे आज तसाच जीव लावताहेत. या सत्रात इथले मार्क अडीच आण, शाळेच्या जागी ते धरू, जानेवारीत परत मत घेऊ. मंगळवारी आणि गुरुवारी जेवणाआधी ये, रसायन मी शिकवतो.

काळी गोटी टाकणाऱ्याकडेच शिकवणी! जातो आहे. माणूस खडूस आहे, पण शिकवतो चांगलं. मी ‘कळलं’ म्हटलं की तो म्हणतो, मग सांग बघू. बाबांना असं कोणी म्हटलं असतं तर, हे दर वेळी मनात येतं.

थँक्सगिव्हिंगला येईन. तुझ्यावर रागावलेलो आहे, टर्कीवर नाही. लोभाचं आपण समोरासमोर बघू.

लाईल


खोली ३१२
२४ जानेवारी १९८०

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दोन पॉइंट पाच सहा! रसायनात सी, पण मातीशास्त्रात ए आहे, आणि तो जन्मतःच ए आहे. सगळ्या गोट्या पांढऱ्या. ऑटिसने त्याची आधी माझ्या नाकासमोर धरली आणि मगच पेटीत टाकली. रविवारी सामान हलवतो. ड्युएन रडवेला झाला आहे, कोलाचीसाठी.

आता काम. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी मंडळात वडिलांचा दिवस असतो. प्रत्येक नव्या मुलाचे वडील येतात, जेवणात खुर्चीवर उभे राहून मुलाच्या बदनामीची एक गोष्ट सांगतात, खाली सगळे टेबल बडवतात. अर्जात वडिलांचं नाव लिहायचं होतं. मी तुझं लिहिलं. ट्रिप म्हणाला, या बाई आहेत. मी म्हटलं, नियमात ‘वडील किंवा पालक’ आहे, नीट वाच. तर म्हणाला, आजवर बाई कोणी आली नाही. मी म्हटलं, तुमच्या मंडळाच्या कागदपत्रांवर या बाईइतका हात दुसऱ्या कोणी चालवलेला नाही.

थँक्सगिव्हिंगला मी टर्की खाल्ली, भांडी पुसली आणि महत्त्वाचं बोललोच नाही. आपल्या घरात ते असंच राहून जातं, आणि मग माणूस मरतो. म्हणून लिहूनच टाकतो: माझा राग संपला आहे. तू ये.

तुझा,
लाईल


प्लम क्रॉसिंग
२९ जानेवारी १९८०

चि. लाईल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र ऑफिसात वाचलं. मग फायलींच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मुख्याध्यापकांनी बाहेरून विचारलं की काय झालं. मी म्हटलं कांदा चिरतेय. फायलींच्या खोलीत! त्यांनी पुढे विचारलं नाही, भला माणूस आहे.

येते. खुर्ची भक्कम बघून ठेव, मी काही गवताची काडी नाही. तुझी बदनामी करायला माझ्यापाशी खंडीभर माल आहे, मोटरसायकलपासून सुरुवात करता येईल. पण त्या दिवशी मी माझीच करणार आहे. डेलचं नाव कोणी बिघडवलं ते चाळीस पोरांसमोर मोठ्याने सांगते. त्याला जे सांगायचं राहिलं ते त्याच्या मुलाने तरी ऐकावं.

कळावे. ‘लोभ असावा’ असं आजवर सगळ्यांना सवयीने लिहीत आले. तुला आज मागते आहे.

तुझी,
व्हर्नाआत्या