कीबोर्ड नको म्हटल्याबद्दल

ती. दादांना साष्टांग नमस्कार. (एरवी तो लिहिण्यापुरता असतो. या वेळी खरोखर आडवा पडून घातला आहे असं समजावं.) तुमच्या गुडघ्याची कुरकुर कमी झाली का? वहिनींचं पित्त आटोक्यात आहे ना? आम्ही दोघं ठणठणीत आहोत. घरात आजारी एकच, तुमच्या बहिणीचा कॉम्प्युटर, आणि त्याला आजारी पाडणारा डॉक्टर मी.

तुम्हाला ठाऊकच आहे, ही निवृत्त झाल्यापासून गोगलगायींवर प्रबंध लिहिते आहे आणि महिनाअखेर तो द्यायचा आहे. कॉम्प्युटरही गोगलगायीच्याच चालीचा. सकाळी बटण दाबून ती आंघोळीला जाई, केस वाळवून येई, तरी पडद्यावर आपलं ते चाक फिरतंच आहे. मागे आला होतात तेव्हा चहा पिता पिता तुम्ही सहज बोलून गेलात, की सिस्टिमचा गाभा, ज्याला तुम्ही कॉम्प्युटरवाले लोक कर्नेल म्हणता, तो मुळापासून स्वतः बांधून घेतला, नको असलेलं सगळं गाळलं, की यंत्र हलकं होतं. (तुम्हाला दोष देत नाही. पण बोललात.) माझ्या मनानं घेतलं, की हिला वाऱ्यासारखं पळणारं यंत्र द्यायचं. आजवर मी तिला दिलेल्या वस्तूंपैकी निम्म्या तिनं दुकानात जाऊन बदलून आणल्या आहेत. म्हटलं, ही तरी बदलता येणार नाही.

एके दिवशी सकाळी ती वाचनालयात जाते म्हणून बाहेर पडली आणि मी बाह्या सरसावल्या. कर्नेलचं मूळ सामान उतरवून घेतलं, तशी भलीमोठी प्रश्नावली उघडली. अहो दादा, लग्न ठरवताना तुमच्या वडिलांनी मला इतके प्रश्न विचारले नव्हते. हे उपकरण ठेवायचं का, ते ठेवायचं का, हो की नाही? आता मी पडलो जन्मभर गोदाम सांभाळलेला माणूस. माझा नियम एकच, ज्याचं नाव ओळखीचं नाही आणि जे कुणी मागायला येत नाही, ते भंगारात काढायचं. (त्यात एकदा क्रेनचा एक भाग गेला, पण तो विषय वेगळा.) त्याच शिस्तीनं बसलो. जॉयस्टिक? या वयात? नको. मग आली ‘मानवी संपर्काची उपकरणं’. मी विचार केला, आमच्या घरात संपर्क साधणारा मानव एकच, तुमची बहीण, आणि तिला उपकरण लागत नाही, आवाज पुरतो. नको.

बांधणीचा हुकूम सोडला. पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या, आतला पंखा असा काही घोंघावला की शेजारच्या काकू गिरणी टाकलीत का म्हणून विचारून गेल्या. दुपार त्यातच गेली, पण एकही चूक न निघता कर्नेल तयार झाला आणि जागेवर बसलाही. आणि (इथे जरा धीरानं वाचा) जुना कर्नेल आता कोण मागायला येणार, म्हणून मी तो भंगारात काढला.

ही परतली तेव्हा दारातूनच तिला खुर्चीत नेऊन बसवलं. बटण दाबलं आणि पापणी लवायच्या आत पडदा हजर! ही चक्क हसली. पडद्यानं पासवर्ड विचारला. तिनं टाइप केला. पडदा ढिम्म. मी टाइप केला, माउस घासला, कीबोर्ड उलटा करून झटकला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की मानवी संपर्काची उपकरणं म्हणजे हीच दोन. यंत्र विजेच्या वेगानं विचारत होतं, तुम्ही कोण, आणि आम्हाला सांगायची सोय मी ठेवली नव्हती. प्रबंधाची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर होती. होती म्हणतो, कारण सामान उतरवायला मला रिकामा पेनड्राइव्ह हवा होता. (तो रिकामा नव्हता. मी केला.) दुरुस्तीवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, सगळं पुसून नवीन टाकून देतो. मी कॉम्प्युटर छातीशी धरून घरी आलो.

दादा, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती असू दे म्हणाली आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. खांदे हलत होते. मला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तेव्हापासून स्वयंपाक, भांडी, कपडे माझ्याकडे, आणि दुपारी मी कोरे कागद घेऊन बसतो. ती आठवून आठवून सांगते, मी लिहून घेतो. गोगलगायीला हजारो दात असतात, माहीत होतं तुम्हाला? आणि हवा कोरडी झाली की ती शंखाचं तोंड लिंपून आत महिनोन्महिने पडून राहते. सध्या मलाही तसंच करावंसं वाटतं. काल मीच हिला म्हटलं, तिसऱ्या प्रकरणात तुझा एक पुरावा लंगडा पडतोय. तिनं ते पान माझ्या हातून ओढून घेतलं आणि दोनदा वाचलं.

वहिनींना नमस्कार.

तुमचा (अजून तरी) मेहुणा

ता. क. मुख्य काम राहिलंच. शनिवारी एक चालता कर्नेल घेऊन या, आणि सहज भेटायला आलो असं दाखवा. तुम्ही दार उघडून दिलंत तर प्रबंध आतच आहे, वेळेवर जाईल. हिला आशा लावून ठेवायची नाही, म्हणून बोललो नाही.

ता. क. दादा, हे अक्षर माझं, तुझ्या बहिणीचं. यांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलंय आणि पाकीट चिकटवायला विसरलेत. त्या दिवशी मी वाचनालयात गेले नव्हते, प्रबंध देऊन आले होते. घरी येऊन सांगणार, तर यांनी खुर्चीत बसवलं. खिडकीशी गेले ती हसू आवरायला. सांगेन सांगेन म्हणत होते, तेवढ्यात हे कागद घेऊन समोर येऊन बसले. इतकी वर्षं मी लिहीत होते, यांनी एकदाही विचारलं नाही की गोगलगाय खाते काय. आता भाजी चिरता चिरता विचारतात. तिसऱ्या प्रकरणातली चूक खरी आहे, आणि ती माझ्या परीक्षकांच्या आधी यांना सापडली. अजून दोन प्रकरणं सांगायची राहिली आहेत. शनिवारी अजिबात येऊ नकोस.