उतारावरचे शनिवार

७ जानेवारी २००६, शनि., रीडिंग, इंग्लंड
मुक्ताच्या शाळेची स्कीइंगची ट्रिप, फेब्रुवारीतल्या हाफ-टर्मच्या सुट्टीत, फ्रान्सला. एक मुलगी गळली, जागा झाली. मुक्ता म्हणते जायचंच. मी म्हटलं, आधी मी शिकून बघते, मग सांगते. शिरीषने पेपर खाली करून बायकोकडे पाहिलं नि परत वर धरला.

मु. पंधराची, एकुलती. परक्या देशात पाय मोडला तर कोण बघणार? तशी मी परक्याच देशात बसलेय म्हणा. माहेरी नियम होता, पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षीही मला पोहता येत नाही.

"तू मला ट्रस्टच नाही करत, आई." तिच्यावर आहे गं विश्वास. उतारावर नाही.

१४ जाने., शनि., संक्रांत
पहिला धडा. नणंद, माधुरीताई, स्लाऊहून हौसेने आल्या, तिळाच्या वड्या घेऊन. बर्फ नाहीच इथे. टेकडीवर प्लॅस्टिकच्या ब्रशांची चटई, वर पाण्याचा फवारा. त्या बुटांत पाय घालणं म्हणजे बादलीत पाय घालून चालणं.

बूट स्कीला पकडून ठेवतं ते बाइंडिंग. जोरात पडलो की आपोआप सुटतं, पाय वाचतो. किती घट्ट करायचं ते आपल्या वजनावर. काउंटरवरच्या बाईने वजन विचारलं, सगळ्यांदेखत. ताई आणि मी दिवाळीपासून डाएटवर. दर रविवारी फोनवर मी त्यांना कमी झालेलं वजन सांगते. त्या शेजारीच उभ्या. दहा किलो कमी सांगून मोकळी झाले.

मग काय, जरा वळले की स्की सुटली. आमचा शिक्षक ग्लेन बुचकळ्यात.

१७ जाने., मंगळ
शि. ने ऑफिसातून नेटवरचे शब्द छापून आणले. पुणेरी शिक्षण, आधी पाठांतर. नर्सरी स्लोप: नवशिक्यांचा, जेमतेम उतार. फॉल लाइन: कळशी कलंडली तर पाणी जिथून धावेल ती वाट. एज: स्कीची धार, आडवी रुतवली की वेग मरतो. स्नोप्लाऊ: दोन्ही स्कींची टोकं जवळ, टाचा लांब, चतकोर भाकरीचा आकार. यानेच थांबायचं.

जेवताना तोंडी परीक्षा. पैकीच्या पैकी. मु. ताटात बघून हसत होती.

२१ जाने., शनि.
मु. बघायला आली, ताईही होत्या. सगळं पाठ म्हणत उतरले आणि आडवी झाले. पुन्हा, पुन्हा. दर वेळी स्की सुटून एकटीच खाली. मु. ने ती उचलून आणली, वाकून हळूच म्हणाली, "आई, वजन खरं सांगितलंस ना?"

ताई दोन हातांवर. मग मु.च्या कानात खरा आकडा सांगितला. ती काउंटरवर जाऊन बाइंडिंग नीट करून आली आणि ताईंना म्हणाली, "स्क्रू लूज होता, आत्या."

आईची लाज राखायला पोरगी बेधडक खोटं बोलली. रागवायला हवं होतं. उलट मला भरून आलं.

२८ जाने., शनि.
थांबले!

ग्लेन सारखा सांगतो, मागे रेलू नका. भीती वाटली की अंग मागे जातं, मागे गेलं की स्की आपल्याला घेऊन पळते. पुढे झुकायचं, चक्क उताराकडे. आज झुकले. चतकोर जमला आणि अर्ध्या उतारावर उभी राहिले.

घरी येऊन मु.ला म्हटलं, जा. मिठी मारून मैत्रिणीला फोन करायला वर पळाली. मला आनंद वगैरे झाला नाही, खोटं कशाला लिहू. पण शब्द मागे घ्यावासाही वाटला नाही.

११ फेब्रु., शनि.
मु.ला शाळेच्या बसपाशी सोडलं. तिखटामिठाच्या पुऱ्या नको म्हणत होती, शि. ने बॅगेत कोंबल्या. घर फार आवरलेलं दिसतंय.

१५ फेब्रु., बुध.
मु.चा फोन. आवाज बसलेला, खुशीत.

"आई, टीचर म्हणाले आम्ही चार जण उद्या रेड रनवर जाऊ शकतो. पण हवं तरच. जाऊ?"

तिथे उतारांना रंग असतात. हिरवा सोपा, मग निळा, मग लाल, शेवटी काळा. महिन्यापूर्वी विचारलं असतं तर लाल म्हणजे काय ते कळलं नसतं, जा म्हणून मोकळी झाले असते. आता कळतं. 'नाही' जिभेवर आलं होतं.

"खूप स्टीप असलं तरी थांबता येतं तुला?"

"मोस्टली."

हो म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. म्हटलं, "मग तूच ठरव."

फोन ठेवल्यावर शि. म्हणाला, "हे काय उत्तर झालं?"

१६ फेब्रु., गुरु.
तिकडच्या, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट एव्हाना बंद झाल्या असणार. बाहेर अंधार पडलाय. मु.चा फोन नाही. शाळेचाही नाही, म्हणजे ठीकच असणार. शि. दोनदा म्हणाला, तूच कर. मेसेज लिहिला, पुसला. कणीक भिजवून ठेवली.

ती गेली असेल याची भीती वाटते. गेली नसेल, आणि माझ्या घाबरलेल्या आवाजामुळे गेली नसेल, याची जरा जास्तच.