आईच्या आवाजाची चाचणी

३ तारीख, सोमवार

घर मिळालं एकदाचं. हॉस्पिटल दहा मिनिटांवर, स्वयंपाकघरात भरपूर ऊन, आणि मागे दहा बाय आठची एक खोली, जिला मी पाहताक्षणीच स्टुडिओ म्हणून टाकलं. घशातल्या गाठीमुळे सतरा तारखेला आईचं स्वरयंत्र काढणार. त्यानंतर तिला बोलता येणार नाही. ताईला सातवा महिना लागलाय. बाळासाठी आईच्या तोंडच्या बारा गोष्टी ऑपरेशनआधी रेकॉर्ड करायच्या, असं आम्ही तिघांनी ठरवलंय. ताई फोनवर म्हणाली, मोबाइलवर कर आणि मोकळा हो. मी शाळांचे पाठ रेकॉर्ड करून पोट भरतो. स्वतःच्या आईचा आवाज डब्यातून आल्यासारखा ठेवू? खोली घुमते, एवढीच अडचण. टाळी वाजवली की भिंत उलट टाळी देते. आवाज शोषणारे सहा पॅनल घरीच बनवतो, की काम फत्ते. आई म्हणाली, नमनालाच घडाभर तेल. पण खुशीत होती. सामान लावताना तोंडाचा पट्टा एकसारखा चालू होता.

५ तारीख, बुधवार

लाकडी पट्ट्यांची चार फूट बाय दोन फुटांची चौकट, आत रॉकवूलची, म्हणजे आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीची, जाड लादी, वरून ताणलेलं सुती कापड. ऐकायला सोपं. माझी पहिली चौकट पतंगासारखी तिरकी झाली. रॉकवूल हातमोज्यांतूनही चावतं. स्टेपलर दर चौथ्या पिनेला अडकतो. सुताराला फोन केला, तर त्याने उंटावरून शेळ्या हाकल्या: दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की चौकट काटकोनात. बरोबर निघालं, त्याचाच जास्त राग आला.

संध्याकाळी दोन पॅनल टांगले. आईला खुर्चीत बसवून चार वाक्यं म्हणायला लावली. अजून घुमतंय. पुसून टाकली.

७ तारीख, शुक्रवार

चार झाले. कापड एकीकडून ताणावं तर दुसरीकडे सुरकुती. चाचणीत आईचा आवाज परवापेक्षा बारीक आला. माझा मात्र होता तेवढाच. तिला मोठ्याने बोल म्हटलं. ती बोलली, तरी रेकॉर्डरचा काटा वर चढेना. मी खेकसलो. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण, असं अकरा वेळा म्हणवून घेतलं आणि अकराही पुसले. जेवताना तिचा घसा बसला होता. दमली असेल. मलाच लाज वाटली नंतर.

९ तारीख, रविवार

सहाही पॅनल लागले. टाळी जागच्या जागी विझते. सुरेख. पहिली गोष्ट सुरू केली आणि अर्ध्यावर आई उठून उभी राहिली. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "इथे बोललं की घशातून कुणी दोरा ओढून घेतंय असं वाटतं रे. मला नाही बसायचं इथे."

मी म्हटलं, शांत खोलीची सवय नाही म्हणून तसं वाटतं. हातापाया पडून पुन्हा बसवली. तिने अख्खी गोष्ट सांगितली. रेकॉर्डिंगमध्ये फक्त तिचा श्वास आणि खुर्चीची करकर. संतापून तेही पुसलं.

११ तारीख, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, गाठ होती तेवढीच आहे, आवाज इतक्यात जायला नको होता. स्वयंपाकघरात बसून मोबाइलवर रेकॉर्ड करून पाहिलं. नुसती फुसफुस. ताईला सांगितलं. ती रागावली नाही. फक्त विचारलं, "चाचण्यांपैकी एकही नाही ठेवलीस?"

मी म्हटलं, त्या स्वच्छ नव्हत्या.

१२ तारीख, बुधवार

आई आता वहीत लिहिते. सकाळी एक पॅनल भिंतीवरून सुटून पडला. उचलला तर भिजलेल्या गादीसारखा जड. पण कोरडा ठणठणीत. कापडाला कान लावला. आत — गेल्या बुधवारची चार वाक्यं. आईची. हळूहळू, ओळीने.

१३ तारीख, गुरुवार

कापड टरकावलं. आवाज बाहेर आला, खणखणीत. "बरं येतंय का रे?" एकदाच. मग रॉकवूल मुठीमुठीने उपसलं — काही नाही. रेकॉर्डर चालू नव्हता. गाढव आहे मी, गाढव. पाच उरले.

१४ तारीख, शुक्रवार

रेकॉर्डर चालू ठेवून दुसरा फाडला. गप्प. तिसरा — गप्प. रेकॉर्डर बंद केला की उरलेले तीन बोलायला लागतात. चालू केला की थांबतात. आईने वहीत लिहिलं, राहू दे, खोलीला कुलूप लाव. तिला काय कळतंय. तीनच दिवस राहिलेत.

१५ तारीख, शनिवार, दुपार

खोलीतून हाक आली. माझ्या लहानपणच्या नावाने. आई इथे माझ्या शेजारी बसली आहे, ओठ मिटलेले. तिनेही ऐकलं.

आता गोष्ट सांगतोय तो आवाज — पहिल्यापासून — त्या खोलीत तिने कधीच न सांगितलेली. कुठे अडत नाही. घुमत नाही. म्हणतोय, आत ये, आता रेकॉर्ड कर, आता नीट येतंय.

आईने माझा शर्ट दोन्ही मुठींत धरलाय. मान हलवतेय, नको, नको. तोंड उघडतेय, काहीच —

पण हा आवाज किती स्वच्छ आहे. बाळाला हाच —

तिची बोटं एकेक करून सोडवतोय. ही रोजनिशी बरोबर घेऊन आत —

खुर्चीत कुणीतरी आधीच बसलंय. म्हणतंय, तू बोल बघू आता, चार वाक्यं, चाच