'आधी'चा फोटो

प्रिय भिंगरी,

तू पाठवलेले पडदे मिळाले. ज्या माणसानं आणले त्याच्याच हाती, त्याच पिशवीतून परत पाठवले आहेत. पिशवीची गाठही सोडली नाही, हे मुद्दाम कळवते. नाहीतर तुला वाटायचं, मुंगीनं आधी उघडून बघितले असतील, कापड चाचपलं असेल, खिडकीला धरूनही बघितलं असेल आणि मग ऐट दाखवली असेल. वर टाचलेली चिठ्ठी तेवढी वाचली. "तुझी बाहेरची खोली मी काही न घेता नवी करून देते, ते जुनं धूड सगळं काढून टाकू, मग बघ कसा मोकळा श्वास येतो." मोकळा श्वास हे तुझे आवडते शब्द दिसतात. मासिकातही तेच छापलेस. बाई गं, आम्ही इथे नाक दाबून बसलो होतो असं तुला कुणी सांगितलं?

हिशोबाच्या जुन्या वहीतली पाठकोरी पानं फाडून लिहिते आहे. हसायचं असेल तर हसून घे. हे बाहेर गेले आहेत, ते परत यायच्या आत मला संपवायचं आहे. शाळेत असताना तुझे निबंध मी लिहून द्यायची आणि माझ्या वहीतली चित्रं तू काढून द्यायचीस. मॅट्रिकनंतर तू चित्रांच्या मागे पुढे निघून गेलीस आणि मी घरात आले. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, देव साक्षी आहे. उलट लोकांच्या घरात कुठली खुर्ची शोभेल, भिंतीला कुठला रंग द्यावा, हे सांगायला तुला मोठमोठे लोक बोलावतात हे ऐकलं की मी शेजारणीला सांगायची, "ही आमच्या बाकावरची बरं का!" आता सांगत नाही. परवा तीच शेजारीण म्हणाली, "तुमची ती मैत्रीण आली नाही पुन्हा?" मी म्हटलं, "कोण मैत्रीण?" खोटं बोलले. त्याबद्दल देवाची क्षमा मागितली, तुझी मागणार नाही.

तीन महिने यांनी मागच्या कामाच्या शेडचं कुलूप काढलं नव्हतं. आधी मला वाटलं, दाढ दुखते आहे म्हणून. कारण सुरुवात दाढेपासूनच झाली. दाढ काढून घ्यायला म्हणून हे दातांच्या डॉक्टरकडे गेले, तिथे बाकावर नंबर येईपर्यंत चाळायला तुझं ते गुळगुळीत मासिक पडलं होतं. हे दाढ न काढताच परत आले. तिथल्या मुलीला विचारून मासिक सोबत आणलं, टेबलावर ठेवलं, पान उघडून दिलं आणि म्हणाले, "आपली खोली छापून आलीय. फोटो छान आलाय." एवढं बोलून मोरीत जाऊन चूळ भरत राहिले. मी वाचलं. एका बाजूला आमची खोली, वर लिहिलंय 'आधी'. खाली लिहिलंय, 'हे घर की लाकडाची वखार? जुन्याचा मोह सुटत नाही तेव्हा माणसाला घरात जागाच उरत नाही.' दुसऱ्या बाजूला 'नंतर', पांढऱ्या भिंती, एक सोफा, एक झाड. आणि तुझा हसरा चेहरा कोपऱ्यात गोल चौकटीत.

मी शिकले नसेन तुझ्याइतकी, पण मला डोळे आहेत. माझ्या खोलीत खिडकी उजव्या हाताला. तुझ्या 'नंतर'मध्ये ती डाव्या हाताला, आणि एकाच्या दोन झालेल्या. खिडक्यांना काय चाकं असतात का गं? दुसऱ्या कुणाचं तरी घर तू सजवलंस, त्यांचा 'आधी'चा फोटो चांगला मिळाला नसेल, म्हणून माझा चिकटवलास. वाण्यानं दाण्यात खडे मिसळले तर आपण त्याला दारात उभं करत नाही. तुझं मात्र मासिकात नाव छापून येतं.

आता त्या दिवसाचं सांगते. तुला त्यातलं अर्धंच माहीत आहे. आपल्या शाळेतल्या बाईंच्या निरोपसमारंभात तू भेटलीस, गळ्यात पडलीस, "येते एकदा तुझ्या घरी, बघते कसा संसार केलायस" म्हणालीस. मी तुला म्हटलं होतं, आमचे हे लाकूडकाम करतात. तू "अरे वा" म्हणालीस आणि तुझी नजर तेव्हाच दुसऱ्या कुणाकडे गेली होती. पण मी त्या "अरे वा"वर आठ दिवस काढले. यांच्याकडची कामं तेव्हा जवळजवळ थांबली होती. लोक दुकानातून खोक्यात भरलेल्या फळ्या आणतात, स्क्रू पिळले की कपाट तयार. त्याला कोण काय करणार? तुझा शब्द मात्र लोक ऐकतात. तू एकदा यांचं काम बघावंस, एवढंच माझ्या मनात होतं. मागायचं काही नव्हतं. आमच्या घरात तोंडानं काम मागत नाहीत. यांनी उभ्या जन्मात आपल्या हातच्या वस्तूला चांगलं म्हटलेलं नाही आणि मीही कधी कुणापुढे म्हटलं नाही. बघणाऱ्याला दिसेल, अशी आमची रीत.

म्हणून मी काय केलं ते ऐक. घरातली यांच्या हातची प्रत्येक वस्तू मी त्या एका खोलीत आणून मांडली. आतलं कपाट, माजघरातलं फडताळ, मुलीच्या खोलीतलं लिहायचं टेबल, आरशाचं मेज, चार खुर्च्या, आरामखुर्ची, तीन स्टुलं, पाळणा. पाळणासुद्धा, भिंगरी! मुलगी लग्न होऊन गेली त्याला सहा वर्षं झाली, आणि मी माळ्यावरचा पाळणा उतरवून पुसून खोलीत ठेवला, कारण त्याच्या कठड्याला जी जाळी आहे ती एका सलग फळीतून कोरलेली आहे. हे एका बाजूनं उचलत होते, मी दुसऱ्या. हे दोनदा म्हणाले, "अगं, एवढं एका खोलीत कोण ठेवतं? तिनं पाय कुठं ठेवायचा?" मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा. ती काही रोज रोज यायची नाही. एकदाच काय ते सगळं दिसू दे." त्यावर हे म्हणाले, "मग छपरालाही दोन खुर्च्या टांगू का?" आणि हसले. किती दिवसांनी हसले होते. सगळ्याला नव्यानं पॉलिश केलं. इस्त्रीचा सदरा घातला. सकाळपासून ताठ बसून होते, सदऱ्याला सुरकुती नको म्हणून.

तू आलीस, पाऊण तास बसलीस. बरोब्बर आरामखुर्चीत बसलीस, पाठ टेकलीस, हातांवर हात ठेवलेस, पण खाली वाकून बघितलं नाहीस की ही कशावर उभी आहे. तिच्यात एक खिळा नाही. लाकडात लाकूड बसवून केलेली आहे, आणि पंचवीस वर्षांत ती एकदाही कुरकुरलेली नाही. तुझ्यासारखीनं ते बघायला नको? लोकांना फर्निचर निवडून देतेस ना? खुर्ची उलटी न करता निवडतेस? "भाऊजी, एवढं सगळं कुठून गोळा केलंत हो?" असं तू हसत विचारलंस. यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात तुझा फोन वाजला. फोन संपल्यावर तू प्रश्न विसरलीस. हे विसरले नाहीत, पण पुन्हा आपण होऊन सांगतील तर ते हे कसले! मीही बोलले नाही. मग तू फोटो काढलेस, दारातून, कोपऱ्यातून, स्टुलावर चढून, तेही यांच्याच हातच्या. निघताना म्हणालीस, "यातला एखादा छापला तर चालेल ना गं?" मी काय म्हणाले आठवतं? "छाप की! कळू दे लोकांना." त्या रात्रीच्या जेवणाला मी दोन घास जास्त वाढले होते यांना.

तेव्हा वखार झाली ती माझ्यामुळे झाली. आमच्या घरात एरवी त्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक बाक असतो, लहान मूल पळू शकेल एवढी जागा असते. हे मी तुला कबूल करते आहे, पण त्यानं तुझं सुटत नाही. तू विचारलं असतंस तर कळलं असतं. आणि तुला ठाऊक आहे, मला सगळ्यात जास्त कशाचा जाच होतो? या माणसानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. "मी म्हटलं नव्हतं का?" एवढंसुद्धा नाही. उलट म्हणाले, "बरोबरच लिहिलंय तिनं. काळ तिचा आहे, तिला कळतं." मी म्हटलं, "तिला काय डोंबल कळतं!" हे म्हणाले, "शिकलेली आहे ती." आणि वस्तू एकेक करून जागच्या जागी नेऊन ठेवल्या, एकट्यानं. मला हात लावू दिला नाही.

सकाळी देवापुढे बसते तेव्हा मी सगळ्यांसाठी मागते. मुलगी, जावई, शेजारीण, दूधवाला, ज्यांनी आम्हाला त्रास दिला तेही. तुझ्यापाशी आलं की जीभ अडते. तीन महिने तुला वगळून पुढे जाते आहे. देवाला ते आवडत नसणार हे मला कळतं, पण त्याच्यापुढे खोटं कसं बोलू? तुझं भलं व्हावं असं मला वाटत नाही. तुझ्या त्या पांढऱ्या सोफ्यावर कुणीतरी शाई सांडावी असं वाटतं. हे मी लिहिलं, आता तूच वाच.

मग तरी लिहिते का आहे, असं म्हणशील. मंगळवारी हे त्या खोक्यांच्या दुकानात जाऊन आले. ज्यांना फळ्या जोडता येत नाहीत त्यांच्या घरी जाऊन स्क्रू पिळून द्यायचे, असं काम मिळालं आहे, पुढच्या सोमवारपासून. कामाला मी नावं ठेवत नाही, कष्टाचं कुठलंच काम हलकं नसतं. पण त्याला एक पेचकस पुरतो, म्हणून यांनी शेडमधली हत्यारं विकायला काढली आहेत. रंधे, पटाश्या, करवती, सगळं. घेणारा रविवारी सकाळी येणार आहे. बुधवारी यांनी कुलूप काढलं तेव्हा मला वाटलं, काम सुरू केलं. आत जाऊन बघते तर एकेका पटाशीला धार लावून, तेलानं पुसून फडक्यात गुंडाळत होते. म्हणाले, "दुसऱ्याच्या हातात जायची, बोथट कशी देऊ?" मी तिथे उभी राहू शकले नाही. मी सांगून काही होणार नाही, मी बायको आहे, मला सगळं चांगलंच दिसणार असं यांना वाटतं. मुलगी फोनवर रडली, तिचंही तेच. यांना फक्त तुझं पटतं. ज्या बाईनं वखार म्हटलं तिचंच पटतं, हे माझं नशीब. म्हणून शनिवारी सकाळी ये, दहाच्या आत, नंतर हे बाहेर पडतात. पडदे आणू नकोस, फुलं आणू नकोस, माफी तर मुळीच मागू नकोस, त्यांना अवघडल्यासारखं होईल. फोटोचं यंत्र घरी ठेव आणि फोन बंद कर. आरामखुर्ची उलटी कर, कपाटाचा खण पूर्ण बाहेर काढून त्याची मागची बाजू बघ, पाळण्याच्या जाळीवरून बोट फिरव. वेळ घे. मग जे दिसेल ते यांना तोंडावर सांग. वाईट असेल तर वाईट सांग, कुठे चुकलंय ते दाखव, मी मध्ये पडणार नाही आणि त्यानंतर रविवारी हत्यारं गेली तरी तुला दोष देणार नाही. मला तुझी स्तुती नको आहे. तू न बघता लिहिलंस, आता बघून बोल. मी चहा ठेवून आत निघून जाईन, माझ्याशी तुला बोलावं लागणार नाही. मी पत्र लिहिल्याचं मात्र यांना सांगू नकोस, सहज आलीस असं म्हण. शनिवारी आली नाहीस तर पुन्हा कधीच येऊ नकोस.

राग धरूनही तुझीच,
मुंगी