पाठीला पाठ

प्रिय ताई,

आई गेल्यापासून दर रविवारी तू फोनवर "कशी आहेस?" विचारतेस आणि मी "मजेत" म्हणते. खरं सांगू? ऑफिसात दिवसभर लोकांच्या तक्रारींचे फोन घेते, पण घरी आले की बोलायला कुणी नाही. झोप तर उडालीच आहे.

म्हणून काल वाचनालयात झोप न लागणाऱ्यांसाठी असलेल्या फुकट वर्गाला गेले. तिथे गोळ्या नाहीत की प्रश्न नाहीत. अनोळखी माणसाच्या पाठीला पाठ टेकून, डोळे मिटून नुसतं गुणगुणायचं. मला आधी हसूच आलं. मग मागच्या माणसाचा घुमणारा आवाज माझ्या बरगड्यांत उतरला आणि मी हमसून रडायला लागले.

"माफ करा हं," मी म्हटलं.

"रडा खुशाल," तो मागून म्हणाला. "माझ्या पाठीला कुठे डोळे आहेत?"

कितीतरी महिन्यांनी कुणाची तरी ऊब लागली, ताई. सावरून डोळे उघडले तेव्हा सगळे दाराशी चपला घालत होते. त्यातली ती पाठ कुठली, मला ओळखता आली नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस तर घरदार सोडून धावत येशील. आणि तू यावंस असं वाटतं, हीच तर पंचाईत आहे.

तुझीच,
धाकटी