उपाशी मावा

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचं नालवाडीचं स्वयंपाकघर मला कालच्यासारखं दिसतं. आणीबाणी उठल्यानंतरचा खरीप होता. तुमच्या घरामागच्या जाळीच्या खोलीत माझी मक्याची रोपं होती. रोगट मक्यावरचा मावा उचलून मी निरोगी रोपांवर सोडत होते. त्या बारक्या किडीच्या सोंडेवाटे रोग कसा पसरतो, हा तुमच्या हाताखाली चाललेल्या माझ्या प्रबंधाचा विषय. पण एकही रोप आजारी पडेना. सगळी हिरवीगार, टवटवीत. प्रबंध झाला नाही तर लग्न, असं घरी ठरलेलं होतं. हिंगणघाटचं स्थळ बाबांनी थांबवून ठेवलं होतं.

तुम्ही भाकरी थापताय, मी पाटावर बसलेय. "रोगट पानावर किती वेळ ठेवते त्यायले?" "रातभर, बाई." "अन् त्याच्या आधी?" आधी मी त्यांना कोवळ्या पानावर पोटभर खाऊ देत होते. इवलेसे जीव, उपाशी कसे ठेवायचे? तुमचा हात थांबतो. "पोरी, तू मावा पोसून राह्यली का लग्नातले पाहुणे? पोट भरलेला मावा एका जागी सोंड रोवून बसते. रोग सोंडेच्या टोकालेच असते, रातभरात धुऊन जाते. उपाशी असला का इथं चाख, तिथं चाख करते. उद्या त्यायले एकादशी घडवजो. रोगट पानावर चाखू दे, जेवू देऊ नको."

मला ते बोलणं लागलं. पण निघताना तुम्ही खारीच्या केसांचा आपला कुंचला माझ्या हातात ठेवलात. "ओढू नको. पाठीवरून हळूच फिरव, तो आपणहून सोंड काढते."

दुसऱ्या दिवशी मावा उपाशी होता आणि धास्तीनं मीही. आठवडा उलटला, एका पानावर फिकट पिवळी रेघ उठली, मग शेजारच्या रोपावर. घरी सांगताना मला हसू आवरेना. आई म्हणाली, "झाडं दुखण्याले पडली म्हणून कोणी पेढे वाटते का?" तिनं मात्र वाटले. हिंगणघाटला नकार गेला.

परवा जाम गावाजवळ एका शेतकऱ्याला रोग पडलेल्या मक्यावर फवारणी करायची होती. अशा वेळी आता मला कुणाला विचारावं लागत नाही. सांगितलं, औषधानं मावा मरण्याआधी बिथरतो, दहा झाडं चाखत सुटतो. पुढच्या खेपेला कडेनं तूर दाट पेरा. बाहेरून येणारा मावा आधी तिथं सोंड खुपसेल, रोग तिथंच उतरेल, आणि तुरीला तो बाधत नाही. "म्हणजे तुरीले सोंड पुसाले उभं कराचं," तो म्हणाला. त्याला पटलं होतं. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, हासून काऊन राह्यल्या?"

त्याचा मका हातचा चालला होता आणि मी पानाकडे बघून हसत होते. डोळ्यांवर ऊन आलं, असं काहीतरी सांगितलं. खरं असं आहे बाई, मक्यावर पिवळी रेघ दिसली की मला अजून आनंद होतो. तुम्हालाही होत होता का, हे विचारायला तेव्हा धजले नाही. आता कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिते आहे.