राधाकृष्ण ढवळे यांना रस्ता मिळू नये म्हणून

मी, चांगुणा भीमा ढवळे, वय अडुसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार बोरमाळ, तालुका जामखेड, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला राग आहे, पण तो आजारपणातून आलेला नाही.

१. राहते घर मुलगा आदिनाथ यास द्यावे. तो सावेडीला असतो. त्याची बहीण, माझी लेक सृष्टी, हिच्या दहाव्याला तो मला म्हणाला, "आई, झालं ते झालं, काकांशी वाकडं नको." म्हणून त्याला घर देते, जमीन देत नाही.

२. शिवणयंत्र शेजारीण बानू हिला द्यावे. सृष्टीला दवाखान्यात नेताना गाडीत तिचं डोकं बानूच्या मांडीवर होतं.

३. विहीर आणि बांधालगतची जमीन मी शिवणकामाच्या कमाईतून, माझ्या नावे खरेदी केली आहे. बांधापलीकडे माझे धाकटे दीर राधाकृष्ण यांचं शेत आहे. ते सरपंच असताना त्यांनी चर खणून तिथल्या कोरड्या बोअरमध्ये पावसाचं पाणी जिरवायची योजना केली. हार घातले, फोटो काढले. वाळू-खडीचा गाळणखड्डा मात्र केला नाही. पुढे त्याच चरातून गावची गटार आली. मी म्हणाले, "भाऊजी, हे पाणी माझ्या विहिरीत उतरंल." ते म्हणाले, "वहिनी, जमीन सगळं गाळून घेती. तुमी कशाला काळजी करता?"

त्या पावसाळ्यात माझी सृष्टी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. विहिरीचंच पाणी प्यायली. आठव्या महिन्यात डोळे पिवळे झाले. जामखेडहून नगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, ही दूषित पाण्याची कावीळ, गरोदर बाईला फार वाईट. लेकही गेली, बाळही गेलं. आम्ही सुतकात असताना राधाकृष्ण यांनी बोअरवर सिमेंट ओतून घेतलं.

पुढे संस्कृती नावाची भूजलाचा अभ्यास करणारी मुलगी आली. तिने पाणी तपासलं आणि खरं ते सांगितलं : "मावशी, बोअरमधलीच घाण विहिरीत आली का, हे आता ठाम सांगता येणार नाही. आपल्या काळ्या खडकाच्या भेगांतून घाण किती लांब जाते, किती दिवस टिकते, याचा इकडे नीट अभ्यासच झालेला नाही." ते वाक्य राधाकृष्ण यांनी पकडलं. ग्रामसभेत म्हणाले, "बघा, शिद्ध हुत न्हाई."

म्हणून ही जमीन विहिरीसह संस्कृतीच्या शिवार भूजल अभ्यास संस्थेला देते. बांधापासून विहिरीपर्यंत ठिकठिकाणी बोअर घ्यावेत. त्यात निरुपद्रवी रंग सोडून तो विहिरीत कधी उतरतो, गाळणखड्ड्याने किती फरक पडतो, हे पावसाळ्यागणिक तपासावं. घाण पाणी पुन्हा कधीही सोडू नये. जे निघेल ते दर वर्षी ग्रामसभेत मोठ्याने वाचावं. दिरांचं म्हणणं खरं निघालं तर तेही तितक्याच मोठ्याने वाचावं.

४. राधाकृष्ण यांच्या नव्या मंगल कार्यालयाला माझ्या जमिनीतून रस्ता हवा आहे. त्यांना, त्यांच्या मुलांना, नातवंडांना ही जमीन विकून, भाड्याने, अदलाबदलीने वा दया येऊन देऊ नये. कार्यालयाच्या दारासमोर पाटी लावावी : 'सृष्टी आणि तिचं बाळ गेल्यावर सुरू झालेला अभ्यास'. अक्षरं वरातीतल्या माणसाला चालता चालता वाचता यावीत.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भिंगारचा माझा भाऊ कानिफनाथ याने करावी. त्याने भीड धरू नये.

६. माझ्या तेराव्याला राधाकृष्ण आले तर कोणी अडवू नये, वाकडं बोलू नये. पंगतीत मानाने पहिल्या पानावर बसवावं. विहिरीचं पाणी आता तपासणीत चांगलं निघतं, हे त्यांना ठाऊक आहे. तरी सृष्टी गेल्यापासून त्यांच्या घरात जारचंच पाणी येतं. त्या दिवशी मांडवात जार आणू नये. त्यांच्या पानापाशी विहिरीचा भरलेला तांब्या ठेवावा आणि ते पिईपर्यंत पंगत उठवू नये.

वाचून पाहिलं, बरोबर आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

चांगुणा भीमा ढवळे (सही)

आमच्यासमोर सही झाली :
१. नियाज पठाण, बोरमाळ (सही)
२. रोहिणी कल्याण मोरे, जामखेड (सही)

जामखेड, ९ नोव्हेंबर २०२५